खुर्चीचं तोंड

१

आमच्या साप्ताहिकात चूक झाली की दुसऱ्या पानावर, खाली डावीकडे दुरुस्ती छापली जाते. अडतीस वर्षं मी हा नियम पाळला आणि दुसऱ्यांना पाळायला लावला. कौन्सिलरच्या नावातलं अक्षर चुकलं, प्रदर्शनात दुसरा आलेला एडका पहिला छापला, मेलेल्या बाईला जखमी म्हटलं, सगळ्यांची दुरुस्ती केली. संपादक कुरकुरायचे. मी त्यांना सांगायची की आपण खोटं छापलंय हे कळल्यानंतर गप्प बसलेला प्रत्येक दिवस म्हणजे नवं खोटं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या पानावर माझ्या नावानिशी बातमी आली: 'ब्रिन्कोटचा पहारा पूर्ण, प्रोबर्टांची शेती वाचली'. तिची दुरुस्ती मी अजून दिलेली नाही. ती दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात मावत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ब्रिन्कोट हे सरहद्दीवरचं शेत आहे. ओढ्याच्या पलीकडे वेल्स, अलीकडे आम्ही. घराच्या पूर्वेला, दोन वावरं सोडून, टंप आहे. टंप म्हणजे नॉर्मन सरदारांनी नऊशे वर्षांपूर्वी रचलेली मातीची गढी, उलट्या टोपल्यासारखी, भोवती कोरडा खंदक. वरचा लाकडी बुरूज कधीच नाहीसा झाला. आता माथ्यावर गवत आहे, मधोमध दहा पावलं रुंद खळगा आहे आणि खळग्याच्या काठावर एक ओकची खुर्ची आहे.

ही शेती प्रोबर्टांकडे कुळवहिवाटीने आहे आणि भाडेपट्ट्यात एक अट आहे. दर वर्षी दोन फेब्रुवारीला, दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत, कुळाने किंवा कुळाने पाठवलेल्या गावातल्या माणसाने गढीवर पहारा द्यायचा, गढीवरून न उतरता. मर्विन प्रोबर्ट एकेचाळीस वर्षं तो देत होता. मी दर वर्षी चार ओळी छापायची: हवा कशी होती, मर्विनने कुठला मफलर घातला होता. लोक कौतुकाने वाचायचे.

मग इस्टेटीला नवा कारभारी आला, लेथब्रिज नावाचा. इस्टेटीला त्या वावरांत सुट्टीवाल्यांसाठी लाकडी झोपड्या बांधायच्या होत्या, प्रत्येकीबाहेर गरम पाण्याचा टब. कूळ निघाल्याशिवाय ते होणार नव्हतं. गेल्या वर्षी दोन फेब्रुवारीला तीन वाजता लेथब्रिज गुपचूप खालच्या फाटकाशी आला आणि त्याने खुर्चीचा फोटो काढला. फोटोत खुर्ची रिकामी. पुढच्या आठवड्यात नोटीस आली: पहारा मोडला, पुन्हा एकदा मोडला तर भाडेपट्टा रद्द.

मी तो फोटो घेऊन जागेवर गेले. खुर्चीची पाठ उंच आहे, मर्विन चणीने लहान. खुर्चीची पाठ फाटकाकडे. खालून बघितलं तर तिच्यात अख्खं चर्चमंडळ बसलं असतं तरी दिसलं नसतं. मी हे पहिल्या पानावर छापलं, लेथब्रिजच्या नावासकट. त्याने वकिलाचं पत्र पाठवलं. मी तेही छापलं.

त्या धावपळीत एक प्रश्न मला सुचला नाही. शत्रू ओढ्यापलीकडून यायचा, पश्चिमेकडून. मग पहाऱ्याच्या खुर्चीची पाठ पश्चिमेकडे का?

२

या वर्षी जानेवारीत मर्विन गोठ्यात घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून घरी आला तो चाकं असलेल्या खुर्चीत. मी फेब्रुवारीच्या एक तारखेला संध्याकाळी ब्रिन्कोटला गेले तेव्हा तो चुलीजवळ बसून नेस्तावर डाफरत होता. नेस्ता त्याची मुलगी, त्रेचाळीस वर्षांची. घर, मेंढ्या आणि बाप असं सगळं ती एकटीच बघते.

"मी बसते म्हणाले तर ऐकतच नाहीत," नेस्ता मला म्हणाली. "खुर्चीतच बसायचंय ना? पाच तास. मी तर तसल्या निवांतपणासाठी पैसे देईन."

"मी जिवंत आहे तोवर तू बसणार नाहीस," मर्विन म्हणाला.

"आणि शेती गेली तर?"

"तुझ्याशी नाही बोलत मी. त्या दोन मेंढ्या विणार आहेत ना रात्रीत? जा, बघून ये."

ती दार आपटून गेली. मर्विन माझ्याकडे बघत राहिला. तो माझ्या वडिलांच्या वयाचा नाही, पण मला पोरीच म्हणतो, मी एकसष्ट वर्षांची असले तरी.

"विन पोरी, तू गावातलीच ना अजून? का पेपरवाले तुला शहरात नेऊन बसवणार?"

"चर्चच्या मागेच राहते. तुम्हाला माहितेय."

"मग तू बस उद्या."

मी त्यासाठीच आले होते, पण त्याने विचारावं असं मला वाटत होतं. "बसते की. त्या लेथब्रिजचं तोंड बघायला मिळणार असेल तर आठवडाभर बसेन."

"त्याचं तोंड बघायचं नाहीये." त्याने माझं मनगट धरलं. औषधांनी त्याचा हात गरम झाला होता. "खुर्ची आहे तशी ठेव. हलवू नकोस."

"पाय कुजलेत का तिचे?"

"हलवू नकोस एवढंच."

"बरं. वाचायला काही नेऊ?"

"नको."

"पेपरसुद्धा नको? इतकी वर्षं माझा पेपर घेता, आणि तिथे कधी नेला नाहीत?"

"तुझा पेपर चांगला असतो," मर्विन म्हणाला. "खाली मान घालून वाचावा लागतो."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही, पण तो एरवीही क्वचितच हसतो.

३

दोन तारखेला हवा कोरडी आणि कडक होती. रात्री पडलेलं दव सगळीकडे पांढरं गोठलं होतं आणि दुपार झाली तरी विरघळलं नव्हतं. सूर्य होता, पण त्याला ऊब नव्हती. मी थर्मास, सँडविच, दोन मफलर आणि वही घेऊन पावणेबाराला टंपवर चढले.

खुर्ची खळग्याच्या पश्चिम काठावर, खळग्याकडे तोंड करून होती. तिचे चारही पाय जमिनीत बोटभर रुतले होते. मी बसून बघितलं. समोर खळगा. पांढरं गवत, बाकी काही नाही. पाठीमागे अख्खं खोरं, ओढा, ब्रिन्कोटचं छप्पर, फाटक. पाठीमागेच लेथब्रिज येणार आणि पाठीचाच फोटो काढणार. म्हणजे गेल्या वर्षीचीच गोष्ट पुन्हा, आणि या वेळी भाडेपट्टा रद्द.

मर्विनचं म्हणणं मला आठवत होतं. विसरले असं मी म्हणणार नाही. मी विचार केला: म्हातारा हट्टी आहे, औषधांच्या धुंदीत आहे, आणि प्रश्न त्याच्या शेतीचा आहे. पहारा देणारा माणूस खळग्याकडे बघतो का? आमच्या सरहद्दीवर कुठल्याही पोराला विचारा, गढीवरचा माणूस कुठे बघतो. वेल्सकडे. कुणा मूर्खाने कधीतरी वाऱ्याकडे पाठ करून घेण्यासाठी खुर्ची फिरवली असणार आणि मग तीच रीत झाली असणार.

मी खुर्ची हलवून हलवून उपटली. खालच्या चार खड्ड्यांची माती काळी आणि ओली होती. खुर्चीचं तोंड मी पश्चिमेकडे केलं.

बारा वाजायला दोन मिनिटं असताना लेथब्रिज फाटकाशी आला. मी हात हलवला. त्याने नाही हलवला. तो फोटोही न काढता टंप चढून वर आला, धापा टाकत.

"मिस बीवन. तुम्हीच असणार असं वाटलंच."

"चेहरा नीट दिसतोय ना? टोपी काढू?"

"विनोद ठेवा. अट माहितेय? सूर्य मावळेपर्यंत गढीवरून उतरायचं नाही. एक पाऊलही. मी खालीच उभा आहे."

"पाच तास? इस्टेटीला दुसरं काम नाही वाटतं तुम्हाला द्यायला."

"आज हेच काम आहे," तो म्हणाला आणि उतरला. आमच्या चर्चच्या घड्याळाने बाराचे ठोके दिले.

४

बातमीदाराला वाट बघायची सवय असते. मी दर पंधरा मिनिटांनी वहीत एक ओळ लिहायची असं ठरवलं होतं, लेथब्रिजने कोर्टात नेलं तर पुरावा म्हणून. ती वही आता माझ्यापुढे आहे. पहिल्या तासाच्या नोंदी साध्या आहेत. नेस्ता गोठ्याकडे गेली. पोस्टाची गाडी. लेथब्रिज गाडीत बसला, लेथब्रिज बाहेर आला.

एक वाजता पाय मोकळे करायला उठले आणि खळग्याकडे बघितलं. खळग्याच्या मध्यभागी गवत हिरवं होतं. चहाच्या ट्रेएवढ्या जागेतलं दव वितळलं होतं, बाकी सगळं पांढरं. मी आले तेव्हा सगळंच पांढरं होतं. वहीत लिहिलं: 'खळग्यात हिरवा तुकडा. ऊन?' ऊन तिथे पोचत नव्हतं. खळग्याचा तळ काठाच्या सावलीत होता. मग लिहिलं: 'झरा?' आणि बसले.

सव्वा वाजता बघितलं. तुकडा तिथे नव्हता. म्हणजे तो होता, पण माझ्याकडे दोन पावलं सरकला होता. आधीची जागा पुन्हा पांढरी व्हायला लागली होती, कडेकडेने, काचेवर वाफ धरते तशी.

मी समजूतदार बाई आहे. खाणीतल्या अपघातानंतर मी प्रेतांच्या रांगेतून नावं लिहीत फिरले आहे. मी स्वतःला सांगितलं की जमिनीखाली सशांची बिळं असतील, त्यांच्या अंगाची ऊब वर येत असेल. ससे हलतात, म्हणून ऊबही हलते. हे स्पष्टीकरण मला इतकं आवडलं की मी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

दीड. तुकडा उताराच्या पायथ्याशी.

पावणेदोन. उताराच्या मध्यावर. आता त्याचा आकार नीट दिसत होता. तो ट्रेसारखा नव्हता. मागे रुंद, पुढे दोन निमुळते भाग. कुणीतरी पाय पुढे करून गवतावर बसावं तसा.

दोन वाजता मी बघितलं नाही. हेही वहीत आहे: 'दोन. बघितलं नाही.' मी खुर्चीला पाठ घट्ट टेकवून खोऱ्याकडे बघत राहिले आणि मला लागते तशी बडबड सुरू केली. तोंड चालू असलं की मला भीती वाटत नाही. ते ब्रिन्कोट, मी म्हणाले. ती धुराडी गिटिन्सांची. तो डावीकडचा पांढरा बंगला, तिथे विधवा मिसेस प्यू एकटी राहते. चर्च, आणि त्याच्यामागे माझं छप्पर. मी हे मोठ्याने, बोट दाखवून बोलत होते. अर्धा तास बोलत होते. कुणासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही.

अडीच वाजता वळून बघितलं. खुर्चीच्या मागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, हिरवं गवत होतं, दोन पाय पुढे केलेलं. आणि ते पाय माझ्याच दिशेला होते, खोऱ्याकडे. मी जे बघत होते ते तिथूनही सगळं दिसत होतं.

५

त्यानंतरच्या दोन तासांच्या नोंदी नाहीत. मी उठले नाही, वळले नाही, बोलले नाही. मानेला मागून ऊब लागत होती, मऊ, सारखी. भर थंडीत ती बरी वाटत होती, आणि ती बरी वाटते याचीच मला शिसारी येत होती.

खाली लेथब्रिज येरझाऱ्या घालत होता. त्याला हाक मारावी असं शंभरदा वाटलं. मारून काय सांगणार होते? माझ्यामागचं गवत हिरवं आहे? त्याने ते लिहून घेतलं असतं. 'पहारेकरीण भ्रमिष्ट, खाली उतरवावी लागली.' फोन त्या टंपवर लागत नाही, कधीच लागला नाही.

साडेचारला सूर्य डोंगराच्या वीतभर वर उरला होता. मला मर्विनचा गरम हात आठवला. आहे तशी ठेव. मी उठले. मागे न बघता, डोळे जमिनीवर ठेवून, खुर्चीला उचलत, ओढत, चुकून तिचा पाय माझ्या पायावर घालत मी ती फिरवली आणि चाचपून तिचे पाय जुन्या खड्ड्यांत बसवले. मग बसले आणि डोळे वर केले.

खळगा पांढरा होता. सगळा. काठापासून काठापर्यंत, मध्यभागी, उतारावर, कुठेही हिरवं नव्हतं. मला हसू आलं. मानेवरची ऊब गेली होती. मी मोठ्याने म्हणाले, "झालं, एवढंच तर होतं," आणि थर्मासमधला गार चहा ओतला.

सूर्य आता माझ्या पाठीशी होता. माझी सावली समोर खळग्यात लांब पडली होती: खुर्चीची उंच पाठ, तिच्या वर माझ्या टोपीचा गोंडा. मी कप तोंडाला लावला, सावलीने लावला.

मग खुर्चीच्या सावलीला डावीकडून एक डोकं फुटलं.

ते हळूच वर आलं, बसलेला माणूस गुडघ्यावर हात टेकून उठतो तसं. डोकं, मग मान, मग खांदे. माझ्या मागे, पश्चिम काठावर, कुणीतरी उभं राहत होतं. खांदे फार रुंद नव्हते. डोकं जरा पुढे झुकलेलं होतं. त्याची सावली माझ्यापेक्षा लांब होत गेली, खळगा ओलांडून पलीकडच्या काठावर चढली आणि तिथे थोडा वेळ थांबली. मग ती खाली यायला लागली. खांदे बुडाले, मान बुडाली, डोकं बुडालं. शेवटी खुर्ची आणि मी एवढंच उरलं.

ते पश्चिमेच्या उताराने खाली गेलं होतं.

मी वळले तेव्हा उतारावर कुणी नव्हतं. पांढऱ्या गवतातून हिरवी पावलं खाली गेलेली होती, एकाआड एक, सावकाश चालणाऱ्याची. ती फाटकाकडे जात होती. फाटकापलीकडे पायवाट आणि पायवाटेच्या टोकाला ब्रिन्कोट. स्वयंपाकघरात दिवा लागला होता. नेस्ताची सावली खिडकीवरून इकडून तिकडे गेली.

फाटक अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जातो. लेथब्रिज त्यातच उभा होता, मान खाली, डोळे हातातल्या फोनवर. मी बघत असताना तो एक पाऊल बाजूला झाला. फोनवरून नजर न काढता, कुणाला वाट द्यावी तसा, खांदा चोरून. त्या माणसाने आयुष्यात कुणाला वाट दिलेली नाही. मग तो पुन्हा मध्ये येऊन उभा राहिला.

सूर्य मावळायला अठरा मिनिटं होती. मी घड्याळ बघितलं, म्हणून सांगते. धावत उतरले असते तर पायवाटेने चार मिनिटांत ब्रिन्कोटच्या दारात पोचले असते. आणि चार मिनिटांत मर्विनची एकेचाळीस वर्षं, नेस्ताचं घर, सगळं गेलं असतं. लेथब्रिजला एक पाऊलच हवं होतं.

मी काठापर्यंत गेले. एक पाय उचलला. खाली लेथब्रिजने मान वर केली आणि फोन समोर धरला, फोटोसाठी.

मी पाय मागे घेतला. अठरा मिनिटं मी तिथे उभी राहिले. बातमीत मी लिहिलं की पहारा पूर्ण झाला.

६

"मान्य आहे," लेथब्रिज खाली म्हणाला आणि कागदावर सही केली. त्याच्या नाकाचा शेंडा जांभळा झाला होता. "तसा दिलेला शब्द मी पाळतो. पुढच्या महिन्यात वारसनोंदीचे कागद करू, मुलीच्या नावावर."

"फाटकातून कोण गेलं मघाशी?"

"कुठे? कुणी नाही."

"तुम्ही बाजूला झालात."

तो क्षणभर बुचकळ्यात पडला. "झालो का?" म्हणाला. मग गाडीत बसून गेला.

मी धावत ब्रिन्कोटला गेले. नेस्ताने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून तिचा चेहरा उतरला. "गेली? विन, गेली शेती?"

"नाही गं. राहिली. सही केली त्याने."

तिने मला मिठी मारली, मग रडली, मग चहा ठेवला. चुलीवर किटली, ओट्यावर ताज्या वेल्श केकांची चळत. सगळं जागच्या जागी होतं. मर्विन मात्र चुलीपाशी नव्हता. तो खोलीच्या पार टोकाला होता, आमच्याकडे पाठ करून, कोठीच्या दारासमोर.

"बघ ना यांचं," नेस्ता म्हणाली. "मी गोठ्यातून येते तर हे तिथे. मोडक्या खुब्याने खुर्ची ओढत नेली. उकडतंय म्हणतात."

"विन आली का?" मर्विनने मान न वळवता विचारलं.

"आले."

"कुठल्या तोंडाने बसलीस?"

मी त्याच्याजवळ गेले. खोटं बोलायची सोय नव्हती. "आधी खोऱ्याकडे. शेवटी खळग्याकडे."

"शेवटी म्हणजे?"

"साडेचारला."

त्याच्या कपाळावर घाम होता. कोठीचं दार उघडं होतं. आत अंधार, फडताळं, लोणच्याच्या बरण्या, हुकांना टांगलेली हॅम. उत्तरेकडची खोली आहे ती, दगडी फरशीची. तिथे जूनमध्येसुद्धा स्वेटर घालून जावं लागतं.

"सरका बाबा, लोणी काढू दे," नेस्ता म्हणाली.

"मी बघतोय तोवर जा. लवकर ये."

ती हसत, डोळे फिरवत आत गेली आणि लोण्याचं भांडं घेऊन आली. टेबलावर ठेवून तिने झाकण काढलं.

"हे काय," ती म्हणाली.

भांड्यात पिवळं तेल होतं. पातळ, स्वच्छ. तिने भांडं कलतं केलं तसं ते कडेपर्यंत गेलं.

"फेब्रुवारीत?" नेस्ता म्हणाली. "कोठीत?"

"दार लावू नकोस," मर्विन म्हणाला. "मला दिसू दे."

७

तो तेव्हापासून तिथेच आहे. जेवतो तिथे, झोपतोही तिथेच, पण तो झोपतो तेव्हा दुसरं कुणीतरी बसलेलं लागतं. बुधवारी पेपर छापायला गेला की मी जाते, रविवारीही जाते, आणि मधल्या दिवशीही जमेल तशी. मी त्याच्या शेजारी खुर्ची घेते आणि कोठीकडे बघते. आम्ही फार बोलत नाही. मी वही नेत नाही. डोळे चोळायचे असले तर एक एक करून चोळतो.

त्याने मला काही समजावून सांगितलेलं नाही. मी बातमीदार आहे, मी विचारलं. ते काय आहे, कुणी सांगितलं, पहिल्यांदा कोण बसलं. मर्विन म्हणाला, "माझ्या बापाने मला बसवलं. मी बसलो." मी म्हटलं, यावर माझा पेपर चालत नाही. तो म्हणाला, शेतीसुद्धा नाही चालत, पण चालवावी लागते.

मी एक गोष्ट विचारली. ते टंपवर परत जाईल का?

"तिथे त्याला कुणाचा दिवा दिसत नव्हता," मर्विन म्हणाला. "आता त्याला सगळी घरं माहीत झालीत."

टंपवरून मी बोट दाखवून सांगितलेल्या घरांबद्दल मर्विनजवळ बोलले नव्हते. आजवर बोललेले नाही.

गावात म्हणतात की खुब्याबरोबर मर्विनचं डोकंही गेलं. नेस्तालाही तसंच वाटतं. मी येते ती दयेने, असं तिला वाटतं, आणि ती मला प्रत्येक वेळी केक बांधून देते. वारसनोंद झाली. ब्रिन्कोट आता तिच्या नावावर आहे, पहाऱ्याच्या अटीसकट. लेथब्रिजच्या झोपड्या दुसऱ्या गावात गेल्या. लढाई मी जिंकली असं सगळे म्हणतात.

डॉक्टर म्हणतात, मर्विन उन्हाळा बघणार नाही. ते त्याला माहीत आहे. परवा त्याने मला विचारलं, "तू सांगशील तिला? मला जमत नाही. ती हसते." मी हो म्हणाले. बोलून मलाही जमणार नाही, म्हणून लिहिलं. नेस्ता, ही दुरुस्ती तुझ्यासाठी आहे. चूक माझी आहे, आणि ती अठरा मिनिटांची नाही, पाच तासांची आहे.

काल रविवारी मी कोठीसमोर बसले होते. मर्विन घोरत होता. नेस्ता हात पुसत येऊन माझ्यामागे उभी राहिली आणि हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली, "बाबांनंतर ही खुर्ची खिडकीशी नेणार आहे मी. एवढा छान देखावा आहे बाहेर, आणि हे घर त्याच्याकडे पाठ करून बसलंय."